तीन तास वीस मिनिटे: वर्धा योजनेतील टकळीचे प्रकरण

डॉ. झाकीर हुसेन समितीने २ डिसेंबर १९३७ रोजी आपला अहवाल गांधीजींकडे सोपवला, तेव्हा त्यात सात ते चौदा वयाच्या मुलांसाठी शाळेचे एक वेळापत्रक होते. शाळेचा दिवस साडेपाच तासांचा होता. त्यांपैकी मूलोद्योगाला, म्हणजे ज्याभोवती सारे शिक्षण गुंफायचे त्या हस्तोद्योगाला, ३ तास २० मिनिटे, संगीत, चित्रकला आणि गणित यांना मिळून ४० मिनिटे, मातृभाषेला ४० मिनिटे, समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांना मिळून ३० मिनिटे, शारीरिक शिक्षणाला १० मिनिटे आणि मधल्या सुटीला १० मिनिटे अशी वाटणी होती. वर्षाचे कामाचे दिवस २८८ धरले होते. गुणाकार केला तर एका मुलाचे वर्षाला ९६० तास हाताच्या कामात जाणार होते. आज प्राथमिक शाळेत कार्यानुभवाच्या वाट्याला आठवड्यातल्या मोजक्या तासिका येतात आणि परीक्षा जवळ आली की त्याही गणिताला दिल्या जातात. या दोन टोकांच्या मधे जे घडले त्याचा हा अभ्यास आहे.

हस्तोद्योगातून शिक्षण देण्याच्या या योजनेवर, म्हणजे वर्धा योजनेवर, आजवर जे लिहिले गेले त्यात गांधीविचाराची चर्चा पुष्कळ आहे. येथे ती पुन्हा करायची नाही. मूल शाळेत जी वस्तू तयार करते ती पुढे कुठे जाते आणि कोण वापरते, एवढाच प्रश्न मी या प्रकरणाला विचारला आहे. योजनेचे बरेचसे भवितव्य या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरत गेले, असे माझे मत आहे.

योजना जन्माला आली ती पैशाच्या पेचातून

१९३७ च्या निवडणुकांनंतर बहुतेक प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. दारूबंदीचा शब्द लोकांना दिलेला होता आणि प्रांतांच्या शिक्षणखर्चाला अबकारी उत्पन्नाचा मोठा आधार होता. दारू बंद केली तर शाळा कशा चालवायच्या, हा मंत्र्यांपुढचा खरोखरीचा पेच होता. ३१ जुलै १९३७ च्या ‘हरिजन’मध्ये गांधीजींनी त्याला दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे: मुलाच्या शिक्षणाची सुरुवातच एखाद्या उपयुक्त हस्तव्यवसायाने करावी, शिकायला लागल्या क्षणापासून त्याला काहीतरी निर्माण करता यावे, आणि अशा रीतीने प्रत्येक शाळा स्वावलंबी व्हावी. या विधानाला गांधीजींनी एक अट जोडली होती. शाळांत तयार होणारा माल सरकारने घेतला पाहिजे, अशी ती अट. पुढच्या चर्चेत स्वावलंबन हा शब्द सर्वांच्या तोंडी बसला. अट मात्र मागे पडली.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेला अभ्यासक्रम आणि हळूहळू शिक्षकांचा पगार निघेल इतके उत्पादन, असे चार ठराव झाले. पहिल्या तिन्हींवर फारसे दुमत नव्हते. चौथ्यावर खडाजंगी झाली. अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शहा यांचा आक्षेप असा होता की, शाळांनी सरकारी आश्रयाने माल काढायला सुरुवात केली तर गावच्या कारागिराशी ती विषम स्पर्धा होईल. सरकारने दिलेल्या इमारतीत, सरकारच्या खर्चाने आणलेल्या कच्च्या मालावर, मजुरी न घेणाऱ्या हातांनी विणलेला कपडा कोष्ट्याच्या कपड्यापेक्षा स्वस्त पडणारच. हा आक्षेप वरवरचा नव्हता आणि त्याला त्या दिवशी समाधानकारक उत्तर मिळाले असे मला वाटत नाही.

गंमत अशी की याच शहांना नंतर झाकीर हुसेन समितीत घेण्यात आले. विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रुवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, ख्वाजा गुलाम सय्यदैन, आशादेवी आर्यनायकम अशी मंडळीही समितीत होती आणि ई. डब्ल्यू. आर्यनायकम निमंत्रक होते. समितीने अहवालात दोन गोष्टी स्पष्ट लिहून ठेवल्या. योजना स्वावलंबी ठरली नाही तरी शिक्षणाचे धोरण म्हणून ती स्वीकारण्याजोगी आहे, ही पहिली. दुसरी गोष्ट इशाऱ्याची होती: आर्थिक बाजूवर भर देण्याच्या नादात शैक्षणिक हेतू बाजूला पडतील आणि शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्यातच आपली शक्ती घालवतील, असा धोका उघड दिसतो आहे. योजना लिहिणाऱ्यांनीच तिच्या अपयशाचा मार्ग इतका नेमका आखून दाखवल्याची उदाहरणे सरकारी कागदांत फार थोडी सापडतील.

टकळीच का

समितीने एकच उद्योग लादला नव्हता. कातणे-विणणे, सुतारकाम, शेती, फळे व भाजीपाल्याची बाग, चामड्याचे काम आणि स्थानिक परिस्थितीला जुळेल असा कोणताही अन्य उद्योग निवडण्याची मुभा होती. उद्योग असा असावा की त्यातून इतर विषयांकडे जाण्याच्या वाटा आपोआप फुटाव्यात, एवढीच कसोटी होती. प्रत्यक्षात देशभर पोहोचली ती हाताने सूत कातायची टकळी. कारण साधे होते. सुतारकामाला पटाशी, रंधा, करवत, लाकूड आणि मुख्य म्हणजे सुतार लागतो. शेतीला जमीन आणि पाणी लागते. टकळीला काही आणे आणि बसायला ओसरी पुरते. शैक्षणिक गुणांपेक्षा स्वस्ताईने टकळीची निवड केली, असे म्हटले तर ते अन्यायाचे होणार नाही.

तरीही टकळीत काहीच नव्हते असे समजणे चूक ठरेल, म्हणून ती जरा जवळून पाहू. वीतभर लांबीची पोलादी काडी, तिच्या तळाशी पितळी चकती आणि वरच्या टोकाला सूत अडकवण्यापुरती आकडी, एवढेच हे अवजार. डाव्या हातात पिंजलेल्या रुईचा पेळू धरायचा, उजव्या हाताच्या अंगठ्याने व तर्जनीने टकळीला पीळ द्यायचा आणि ती फिरत असताना पेळू वर खेचत न्यायचा. हात घाईने वर नेला तर पीळ चढण्याआधीच धागा बारीक होऊन तुटतो. हात रेंगाळला तर पीळ जास्त होऊन सुताला आढे पडतात. रुई नीट पिंजलेली नसेल तर मधेच गाठ येते. आठ वर्षांच्या मुलाला हे कोणी समजावून सांगावे लागत नाही, कारण चूक झाल्याच्या क्षणी टकळी जमिनीवर पडून वाजते. लाल शाईची गरज नसलेली ही तपासणी आहे आणि हाताच्या कामाचे प्राथमिक शाळेतले खरे मोल मला तिच्यात दिसते.

हिशेबाची बाजूही कातण्यात उपजतच होती. चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी, चार लट्यांची म्हणजे ६४० तारांची एक गुंडी. सुताचा अंक काढायचा तर ४० तोळ्यांत किती गुंड्या बसतात ते पाहायचे. म्हणजे १० अंकी सुताची एक गुंडी साधारण ४ तोळ्यांची आणि एक लटी १ तोळ्याची. २० अंकी सुताची लटी त्याच लांबीची, पण वजन अर्धा तोळा. सूत बारीक होते तसा अंक वाढतो आणि वजन घटते. व्यस्त प्रमाण शिकवायला याहून चांगले साधन शिक्षकाला कुठे मिळणार होते? वऱ्हाडातल्या मुलाला सरकी काढल्यावर कापसाची सुमारे एक तृतीयांश रुई उरते हे घरचेच ज्ञान होते. म्हणजे १० अंकी सुताच्या एका लटीमागे तीन तोळे कापूस. पुढे कापडाचे गणित मांडता येई. ३६ इंच रुंदीच्या कापडात इंचाला ३० उभे व ३० आडवे धागे धरले तर एका वाराला १०८० उभे आणि १०८० आडवे असे मिळून २१६० वार सूत लागते. गुंडीत सुमारे ८५३ वार असतात, म्हणजे एका वाराला अडीच गुंड्या, म्हणजेच दहा लट्या. मूल रोज एक लटी कातत असेल, तर वारभर कापडासाठी, नासधूस धरली नाही तरी, त्याचे दहा दिवस गेले. अंगावरच्या सदऱ्यात किती दिवस आहेत हे असे मोजता आलेल्या मुलाला कापडाची किंमत दुकानदाराच्या दरफलकावरून शिकावी लागत नाही.

सेवाग्राममध्ये काय वेगळे होते

फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने योजना मान्य केली आणि त्याच वर्षी हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला. झाकीर हुसेन त्याचे अध्यक्ष आणि आर्यनायकम चिटणीस झाले. सेवाग्राममध्ये, म्हणजे १९४० पर्यंत सेगाव म्हटल्या जाणाऱ्या गावात, संघाचे मुख्य केंद्र उभे राहिले. श्रीलंकेतले तमिळ आर्यनायकम आणि बंगाली आशादेवी हे दांपत्य शांतिनिकेतनातून येथे आले होते. विदर्भातल्या एका खेड्याची मराठी शाळा या दोघांनी चालवावी, हे त्या काळाच्या स्वभावाला धरूनच होते.

या शाळेचे वैशिष्ट्य कातण्यात शोधले तर हाती थोडेच लागेल. ते सफाईत होते. आवार झाडणे, पाण्याची व्यवस्था, मैला व कचरा यांचे खत करणे ही कामे मुले आणि शिक्षक मिळून करीत आणि त्यांना अभ्यासक्रमात मानाचे स्थान होते. ज्या काळात आणि ज्या मुलखात मैल्याचे काम एका विशिष्ट जातीच्या जन्माला बांधलेले होते, तेथे सर्व जातींच्या मुलांनी चर खणून सोनखत करायचे, ते खत शाळेच्या भाजीच्या वाफ्यांत घालायचे आणि ती भाजी सामायिक स्वयंपाकघरात शिजवून एका पंक्तीत खायची, ही गोष्ट टकळीपेक्षा कितीतरी धाडसाची होती. विज्ञानाचा धडा तेथे होताच: कुजणे म्हणजे काय, माशी कुठे अंडी घालते, विहिरीपासून चर किती दूर असावा. पण मला महत्त्वाचे वाटते ते वेगळे आहे. त्या कामाचे फळ त्याच मुलांच्या ताटात येत होते. विकायला काही नव्हते, म्हणून हिशेबाच्या वहीला मुलांवर स्वार होता आले नाही.

कातण्याच्या बाबतीतही सेवाग्राम हळूहळू याच दिशेने गेले. जानेवारी १९४५ च्या सेवाग्राम परिषदेत गांधीजींनी नई तालीमचा, म्हणजे याच शिक्षणपद्धतीचा, पट बालपणापासून प्रौढ वयापर्यंत विस्तारला आणि शाळेच्या स्वावलंबनाचा अर्थही बदलत गेला. सूत विकून शिक्षकाचा पगार काढण्याची भाषा मागे पडून मुलांचे कपडे मुलांच्या सुतातून आणि त्यांची भाजी त्यांच्या वाफ्यातून निघावी, या वस्त्रस्वावलंबनाच्या व अन्नस्वावलंबनाच्या कसोट्या पुढे आल्या. प्रा. शहांच्या आक्षेपाला, वाद न घालता, दिलेले हे उत्तर होते. स्वतः वापरलेल्या वस्तूची कोष्ट्याशी स्पर्धा होत नाही. फक्त हे उत्तर मिळेपर्यंत योजना देशभर पसरली होती, आणि तीही तिच्या पहिल्या रूपात.

पसरताना काय हरवले

मध्य प्रांतात रविशंकर शुक्ल यांची विद्यामंदिर योजना आणि मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे सरकार यांनी कामाला हात घातला होता. केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने बुनियादी शिक्षणाचा, म्हणजे याच वर्धा पद्धतीच्या शिक्षणाचा, विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षही खेरच होते. ऑक्टोबर १९३९ पासून काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि बहुतेक ठिकाणी काम थंडावले. १९४२ मध्ये कार्यकर्तेच तुरुंगात गेले. स्वातंत्र्यानंतर बुनियादी शिक्षण हे प्राथमिक शिक्षणाचे राष्ट्रीय स्वरूप ठरले आणि मग जे झाले ते राजीनाम्यांपेक्षा आणि तुरुंगापेक्षा अधिक हानिकारक होते: आदेशाने शाळा बुनियादी होऊ लागल्या. आजही पश्चिम महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळांच्या फलकावर ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ ही अक्षरे दिसतात, ती त्याच काळाची आठवण होय. फलक रंगवायला एक दिवस पुरतो. शिक्षक तयार व्हायला वर्षे लागतात.

शिक्षकाचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नव्हता. शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे १८८२ मध्ये केलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळेत मोडी, बालबोध व हिशेब यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत, शेतीच्या पाठासाठी लहानसे नमुना-शेत असावे, अशी मागणी केली होती. त्याच निवेदनात त्यांनी शिक्षक कसा हवा तेही सांगितले: तो शक्यतो शेतकरी वर्गातून आलेला असावा आणि प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला त्याला लाज वाटू नये. वर्धा योजनेच्या पंचावन्न वर्षे आधी लिहिलेले हे वाक्य योजनेच्या अहवालाशेजारी ठेवून वाचावे. समितीने अभ्यासक्रम वर्षवार आखला, पण तो राबवणारा बहुसंख्य शिक्षकवर्ग अशा घरांतून आलेला होता जिथे शिकणे म्हणजे हाताच्या कामातून सुटणे, हीच शिक्षणाची व्याख्या होती. काही आठवड्यांच्या प्रशिक्षणाने टकळी फिरवता आली असेल. व्याख्या बदलली नाही.

त्यात समवायाची भर पडली. समवाय म्हणजे उद्योगातून इतर विषय शिकवणे. कुशल शिक्षकाच्या हाती तो सहज होता, कारण कापसापासून काळ्या मातीकडे, मातीपासून पावसाकडे आणि कापसाच्या गाठींपासून मुंबई बंदर व लँकशायरच्या गिरण्यांकडे जाणारी वाट खरोखरच सरळ आहे. पण निरीक्षणाला येणाऱ्या अधिकाऱ्याने प्रत्येक पाठाच्या टाचणात समवायाचा रकाना भरलेला असावा असा आग्रह धरला, की शिक्षक कवितेतही टकळी शोधू लागतो आणि पेळूचा संबंध आफ्रिकेच्या नद्यांशी लावून मोकळा होतो. ज्यांनी या काळातली पाठाची टाचणे पाहिली आहेत त्यांना हसू आवरणे कठीण जाते. हसण्याचे पाप मात्र शिक्षकाच्या माथी मारू नये. रकाना त्याने काढलेला नव्हता.

आणि माल? सरकारने तो घ्यावा ही अट कागदावरच राहिली. पेळू वेळेवर येत नसत, आले तर धड पिंजलेले नसत, मुलांनी कातलेले जाडेभरडे, गाठाळ सूत विणायला विणकर तयार नसे. मग ते सूत शाळेच्या कपाटात पडून राही आणि उंदीर त्याचा बंदोबस्त करीत. आपण केलेली वस्तू कोणालाच नको आहे, हे मुलाला फार लवकर कळते. पालकांनाही ते कळत होते. शहरातल्या साहेबाच्या मुलाने इंग्रजी शिकायचे आणि आमच्या पोराने सूत कातायचे, हा खेड्यातला आक्षेप अडाणीपणाचा होता असे मानणाऱ्यांनी उच्च माध्यमिक व विद्यापीठीय शिक्षणाची दारे बुनियादी शाळेतून निघालेल्या मुलांसाठी किती अरुंद होती ते पाहावे. जी. रामचंद्रन यांच्या अध्यक्षतेखालील मूल्यमापन समितीने १९५६ मध्ये जे चित्र मांडले त्याचा गाभा हाच होता की नाव बदलले, शाळा जुनीच राहिली.

या संदर्भात मद्रास राज्यातले एक प्रकरण ओझरते का होईना आठवले पाहिजे. १९५३ मध्ये राजाजींनी प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. कागदावर ती वर्धा योजनेची चुलत बहीण वाटते. पण वर्ध्यात सर्व जातींची मुले एकच काम शाळेत करणार होती, तर येथे कुंभाराचा मुलगा घरी जाऊन मडकीच करणार होता. लोकांनी तिला ‘कुलकल्वी’, म्हणजे जातीच्या धंद्याचे शिक्षण, असे नाव दिले, मोठे आंदोलन झाले आणि १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती रद्द झाली. हाताचे काम शाळेच्या आत कोणी करायचे, हा प्रश्न आपल्या देशात कधीही निव्वळ अभ्यासक्रमाचा नसतो.

कार्यानुभवाचे कपाट

कोठारी आयोगाने (१९६४-६६) ‘कार्यानुभव’ ही कल्पना पुढे आणली आणि १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ हे नाव दिले. शब्द दोन्ही चांगले आहेत. उद्योग हा अभ्यासक्रमाचा कणा होता, तो आता इतर विषयांसारखा एक विषय झाला, आणि ज्या विषयाचा पेपर नसतो त्याचे शाळेत जे होते ते त्याचे झाले.

माझ्या प्राथमिक शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आम्ही क्रेप कागदाची फुले करीत असू. वार्षिक तपासणीसाठी आइस्क्रीमच्या काड्यांचे घर करून आणायचे होते. माझे घर थोरल्या भावाने केले, वर्गातल्या निम्म्या मुलांची घरे आयांनी केली आणि एकाचे तर चक्क दुकानातून आले. त्याला सर्वांत जास्त गुण मिळाले. तपासणी आटोपल्यावर सगळी घरे एका काचेच्या कपाटात गेली आणि पुढच्या वर्षी त्यांतलीच काही, धूळ पुसून, पुन्हा मांडली गेली. सुताच्या लट्या असलेले कपाट आणि काड्यांच्या घरांचे कपाट यांत मला आता फार अंतर दिसत नाही. पहिल्या कपाटातली वस्तू विकली जाणार म्हणून केली होती आणि विकली गेली नाही. दुसऱ्यातली मुळात कोणी वापरावी म्हणून केलेलीच नव्हती. सुतात चूक झाली तर निदान टकळी पडून वाजत तरी होती. काड्यांचे घर चुकले काय आणि साधले काय, त्यात कोणी राहणार नव्हते.

याच महाराष्ट्रात याच्या उलट घडल्याचे एक ठळक उदाहरण आहे, जरी ते प्राथमिक स्तरावरचे नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तेथून माध्यमिक शाळांत गेलेल्या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात मुले जोडकाम, बांधकाम, वीजजोडणी, शेती, आरोग्यतपासणी अशी कामे करतात, पण ती शक्यतो शाळेच्या किंवा गावाच्या खऱ्या गरजेसाठी. बाकडे डुगडुगले तर बसणाराच सांगतो. टकळीच्या आवाजाचे हे दुसरे रूप.

सध्याच्या फेरीत

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तरविरहित दिवस सुचवले आहेत, ज्यांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे उमेदवारी करावी. त्यावर आधारलेल्या आराखड्यात सजीवांशी निगडित काम, यंत्रे व साहित्य यांच्याशी निगडित काम आणि मानवी सेवांशी निगडित काम असे तीन प्रकार करून तीन वर्षांत नऊ प्रकल्प ठेवले आहेत. ९६० तासांच्या मानाने हे फारच थोडे आहे आणि थोडे आहे तेच बरे, असे मी म्हणेन. प्राथमिक शाळेने कारागीर घडवायचा नाही. कारागिराकडे जाऊन शिकण्याची कल्पना मला विशेष मोलाची वाटते, कारण फुल्यांनी मागितलेला, वाकस धरणारा शिक्षक तिच्यामुळे निदान काही दिवसांपुरता मुलांच्या वाट्याला येतो. त्या कारागिराच्या बुडालेल्या रोजाचे काय, याची तरतूद मात्र आधी व्हावी. अन्यथा शाळेची मदत म्हणून तो पहिल्या वर्षी येईल आणि दुसऱ्या वर्षी त्याला काम असेल.

पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी मात्र मी नव्या साहित्याच्या शोधात जाणार नाही. अनेक जिल्हा परिषद शाळांत परसबाग आहे आणि प्रत्येक शाळेत पोषण आहार शिजतो. या दोहोंमधले अंतर पन्नास पावलांचे असते. तीन मीटर लांब व एक मीटर रुंद असा मेथीचा वाफा तिसरीतले मूल सुतळीने आखू शकते. बी किती ओळींत पडले, किती दिवसांनी उगवले, पाणी कुणाच्या पाळीला राहिले याची नोंद ते ठेवू शकते. महिनाभरात मेथी उपटायला येते. जुड्या बांधायच्या, वजन करायचे, किती ताटांना पुरली ते लिहायचे. नोंदवहीत रुपयांचा रकाना ठेवायचाच नाही. मुलांनी मेथी नीट निवडली नाही तर आहार शिजवणाऱ्या ताई ती परत पाठवतात, आणि माती राहून गेली तर त्या दिवशीच्या जेवणात सगळ्या शाळेच्या दाताखाली कचकच येते. निरीक्षणाला दुसरा अधिकारी लागत नाही.

अडचण उन्हाळ्याची आहे. मे महिन्यात शाळा बंद असते, पाण्याची टाकी कोरडी असते आणि जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा वाफ्यात गवताखेरीज काही नसते. ज्या शाळा दरवर्षी कृषिदिनाला फोटोपुरती रोपे लावतात त्यांना ही अडचण कधी कळतच नाही. काम करणाऱ्या शाळेने पालेभाज्यांचे वेळापत्रक जुलै ते फेब्रुवारी एवढेच धरावे, शेवटच्या वाफ्यातली मेथी बियांसाठी राखून ठेवावी आणि ते बी कागदाच्या पुडीत, वर वर्गाचे नाव घालून, मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावे. पुढच्या जुलैत ती पुडी उघडणारी मुले एक इयत्ता पुढे गेलेली असतील.